टॉवरचा झोत कुणाच्या दारी?

मंडळी, आमच्या लंडनला 'फॉरेस्ट सिटी' म्हणतात. (राजाचं लंडन नव्हे हो, ऑन्टारिओतलं. थेम्स नदी मात्र आमच्याकडेही आहे.) झाडांचं कौतुक सगळ्यांनाच. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे जेवायला जमलेल्या मंडळींत एक काका झाडांवर भलतेच चिडलेले होते. शहराच्या उत्तरेला, इल्डर्टनच्या वाटेवर, शेतांच्या मधोमध त्यांचं घर. म्हणाले, "जानेवारीत फोनला चार दांड्या आणि जुलैत एक! ही मेपलची झाडं माझी रेंज खातात." सगळे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "काका, कंपनीला नावं ठेवा, झाडांना कशाला?"

काकांची अडचण हसण्यासारखी नव्हती. दर शनिवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेपाचला, ते कराडला आईला व्हिडिओ कॉल लावतात. आई शहाऐंशी वर्षांच्या. काकांच्या रस्त्यावर फायबर अजून आलेलं नाही, त्यामुळे घरचं इंटरनेटसुद्धा त्याच मोबाईल टॉवरवरून येतं. मे महिना लागला की आईचा चेहरा चौकोनाचौकोनांचा होतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "यंत्र बंद करून पुन्हा चालू करा."

आणि गंमत म्हणजे काकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पानांत पाणी असतं, आणि पाणी रेडिओलहरी शोषतं. फाईव्ह-जीसाठी कॅनडात २०२१ साली ज्या ३५०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव झाला (कंपन्यांनी ८९१ कोटी डॉलर मोजले!), त्यातल्या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. जुन्या पट्ट्यांतल्या लांब लहरींपेक्षा तिला पानांची अडचण जास्त. पावसात भिजलेली पानं तर विचारूच नका.

मग टॉवर काय करू शकतो? जुना टॉवर म्हणजे पेट्रोमॅक्सची बत्ती. आपल्या वाट्याच्या भागावर सरसकट उजेड पाडायचा. नवा टॉवर म्हणजे हातातली बॅटरी, तीही हात न हलवता फिरणारी. त्याच्या खोक्यात डझनावारी छोटे अँटेना असतात. तळ्यात दोन खडे टाकले की काही ठिकाणी लाटेवर लाट चढते, काही ठिकाणी दोघी एकमेकींना मारतात, तसंच हे. प्रत्येक अँटेनाला किंचित आगेमागे बोलायला लावलं की हव्या त्या दिशेला लाटेवर लाट चढते. तोच झोत. नारायणगावाजवळच्या खोडदला आपली जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूपांनी उभारलेली, तिथे हेच उलट्या बाजूने चालतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी ऐकलेलं, योग्य तेवढा उशीर घालून, एकत्र करायचं. आणि एकाच वेळी अनेक अँटेनांनी निरनिराळं बोलण्याची जी युक्ती आज प्रत्येक फोनमध्ये आहे, तिच्या जनकांपैकी एक, आरोग्यस्वामी पॉलराज, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले आणि नौदलात सोनारवर काम केलेले. २०१४ साली त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं.

झोतांची कामं दोन प्रकारची. एक घाईचं. कोणता फोन आत्ता कुठे आहे ते पाहून त्याच्यापुरता झोत क्षणाक्षणाला वळवायचा. दुसरं सावकाशीचं. टॉवरची कायमची मांडणी ठरवायची. झोत किती रुंद, किती खाली झुकलेला, कुठल्या अंगाला. काकांचं दुखणं या दुसऱ्या प्रकारातलं. पूर्वी इंजिनिअर गाडीत मोजणीयंत्र घालून गावभर हिंडायचे, आणि मग कुणीतरी पाना घेऊन टॉवरवर चढून अँटेना अंशभर वाकवायचं. आता ते ऑफिसात बसून बदलता येतं.

पण बदलायचं काय? समजा एका पंख्याच्या १०० मांडण्या शक्य आहेत. टॉवरला तीन पंखे, म्हणजे झाल्या १० लाख. शेजारपाजारचे दहा टॉवर धरले तर एकावर साठ शून्यं! आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असंही नाही. एकाने झोत उचलला की तो शेजाऱ्याच्या अंगणात गोंगाट करतो. आपल्या वाड्यातल्या रेडिओंसारखंच म्हणा ना.

इथे मशिन लर्निंग येतं. सगळ्या मांडण्या तपासायच्याच नाहीत. एक करून बघायची, परिणाम मोजायचा, चांगला आला तर त्या वाटेने आणखी पुढे, वाईट आला तर लक्षात ठेवायचं. नवीन सून चव घेत घेत आमटीचं मीठ शिकते तसं. या करून-शिकण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे रिचर्ड सटन इथलेच, अल्बर्टा विद्यापीठातले. अमेरिकेतल्या अँड्र्यू बार्टोंबरोबर त्यांना २०२४ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. अर्थात चालू टॉवरवर वाटेल ते प्रयोग करता येत नाहीत, लोकांचे फोन तुटतील. म्हणून यंत्राला आधी गावाच्या संगणकी नकलेवर, जुन्या नोंदींवर शिकवतात, आणि मग खऱ्या टॉवरवर जपून, मर्यादा घालून, थोडं थोडं हलवू देतात.

अशा यंत्राला ऋतू कळू शकतो. सप्टेंबरात वेस्टर्न विद्यापीठात पोरं परत येतात, नाईट्सच्या हॉकी सामन्याच्या रात्री डाउनटाउनमध्ये नऊ-एक हजार माणसं एका छपराखाली जमतात, मे महिन्यात पालवी फुटते. हे दरवर्षीचंच. पानं दाट झाली की पूर्वेकडच्या दुसऱ्या टॉवरचा झोत जरासा उचलायचा, म्हणजे काकांच्या घराला झाडं नसलेल्या बाजूने रेंज मिळेल, हे त्याला शिकता येईल.

येईल. पण ते शिकेल का?

कारण यंत्राला आधी सांगावं लागतं की 'चांगलं' म्हणजे काय. समजा दहा फोन आहेत. पहिल्या मांडणीत नऊ जणांना १०० चा वेग, दहाव्याला शून्य. सरासरी ९०. दुसरीत दहाही जणांना ८०. सरासरी ८०. 'सरासरी वाढव' एवढंच सांगितलंत, तर यंत्र डोळे मिटून पहिली निवडेल. त्याची चूक नाही. दहावा फोन काकांचा आहे आणि पलीकडे कराडला कुणीतरी वाट पाहत बसलंय, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

आपल्याकडे पाटाच्या पाण्याचं हेच झालं. वरच्या अंगाच्या लोकांचा ऊस भिजतो आणि शेवटाला राहणाऱ्याची ज्वारी वाळते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, ती हिशेबाचं माप बदलून. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी. माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही हक्क. पाणी तेवढंच होतं.

टॉवरच्या इंजिनिअरांकडेही असं माप आहे, आणि ते जुनं आहे. सगळ्यांच्या वेगांची बेरीज करण्याऐवजी गुणाकार करायचा! एकाचं जरी शून्य झालं तरी सगळा गुणाकार शून्य. मग यंत्र दहाव्याला सोडू शकत नाही. किंवा सरळ अट घालायची, की सर्वांत मागे असलेल्या शंभरातल्या पाच जणांचा वेग अमक्याच्या खाली जाता कामा नये. सरासरी थोडी घसरते. जाहिरातीत मात्र सरासरीच छान दिसते, त्यामुळे कोणतं माप वापरलं हा प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारायला हवा असं मला तरी वाटतं.

आणखी एक गोम आहे. यंत्र शिकतं ते फोनांनी पाठवलेल्या मोजमापावर. जिथे रेंजच नाही, तिथून मोजमाप तरी कसं येणार? रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, आणि इथे तर रडण्याचा आवाजच पोचत नाही. फोनला 'मी अमुक ठिकाणी तुटलो होतो' अशी नोंद ठेवून नंतर कळवण्याची सोय नियमांत आहे. ती नोंद कंपनीने मागवली आणि शिकवताना वापरली तरच उपयोग.

घाईच्या कामातही शिकणारं यंत्र शिरतं आहे. फार वरच्या पट्ट्यांत टॉवर ६४ पर्यंत झोत एकामागून एक फिरवतो, आणि फोनने त्यांतला बरा निवडायचा. सगळे मोजण्यात वेळ आणि बॅटरी जाते. म्हणून थोडेच मोजून बाकीच्यांचा अंदाज यंत्राने बांधावा, याचा अभ्यास मोबाईलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने आपल्या अठराव्या आवृत्तीच्या कामात केला.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गुणाकाराचं ते कंपनीला इंग्रजीत कसं लिहायचं, ते कागदावर दे." दिलं. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मात्र सकाळी सव्वाआठला माझा फोन वाजला. मागे कराडचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, कुणालातरी चहा टाकायला सांगत होता. "पानं गळाली रे," काका म्हणाले, "आई दिसली."