वित्त क्षेत्रातील नोकरी आणि एच-१बी व्हिसा : आधी पदाची परीक्षा, मग उमेदवाराची

अमेरिकेकडून कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या लाभार्थ्यांमध्ये भारतीयांचा वाटा सर्वाधिक आहे. मात्र उत्तम पदवी, अनुभव आणि हाती नियुक्तिपत्र असूनही वित्त क्षेत्रातील अनेक अर्ज छाननीत अडतात. याचे मुख्य कारण असे की, या प्रक्रियेत आधी नोकरीची पात्रता तपासली जाते आणि त्यानंतर उमेदवाराची.

हा व्हिसा केवळ ‘विशेष ज्ञानाधारित व्यवसाया’साठी आहे. ज्या कामासाठी विशेष ज्ञानाचे सैद्धांतिक व प्रत्यक्ष उपयोजन करावे लागते आणि ज्यासाठी विशिष्ट विषयातील किमान पदवी आवश्यक असते, तोच व्यवसाय कायद्याला अभिप्रेत आहे. अर्ज नोकरी देणारी कंपनी करते आणि हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तिचीच असते.

त्यासाठी नियमांत चार निकष आहेत. त्या व्यवसायात अशी पदवी सर्वसाधारणपणे आवश्यक असणे, समान कंपन्यांत समान पदांसाठी ती मागितली जाणे, संबंधित कंपनीची तीच प्रथा असणे किंवा काम इतके विशेष व गुंतागुंतीचे असणे की त्यासाठी त्या पदवीचे ज्ञान लागावे. मूळ व्याख्येबरोबरच यांपैकी किमान एक निकष पूर्ण व्हावा लागतो.

वित्त क्षेत्राची अडचण ‘विशिष्ट विषय’ या शब्दांत आहे. ‘व्यवसाय व्यवस्थापनाची कोणतीही पदवी चालेल’ असे कंपनीने लिहिले, तर ते पद विशेष ज्ञानाचे ठरत नाही. अमेरिकेच्या पहिल्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये रॉयल सियाम प्रकरणात याच भूमिकेला दुजोरा दिला होता. दुसरीकडे, ओहायोतील संघीय जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये रेसिडेन्शियल फायनान्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात पदवीच्या नावापेक्षा कामासाठी लागणाऱ्या ज्ञानाला महत्त्व दिले.

१७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी हा मुद्दा अधिक स्पष्ट केला. पदवी आणि कामाची कर्तव्ये यांत तर्कसंगत संबंध हवा. एकाहून अधिक विषयांतील पदव्या ग्राह्य धरता येतात, परंतु त्या प्रत्येक विषयाचा कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो. विशेषीकरण नसलेली सर्वसाधारण पदवी ज्या पदासाठी पुरेशी आहे, ते पद पात्र ठरत नाही.

त्यामुळे पदनामापेक्षा कामाचे वर्णन निर्णायक ठरते. ‘वित्तीय अहवाल तयार करणे’ हे वर्णन लेखापाल, हिशेबनीस आणि विश्लेषक या तिघांनाही लागू पडते. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाच्या व्यवसाय पुस्तिकेनुसार वित्तीय विश्लेषकाला सहसा पदवी लागते, हिशेबनिसाला ती लागतेच असे नाही. याउलट रोखे मूल्यांकनाची प्रारूपे उभारणे, व्याजदरातील बदलांची जोखीम मोजणे, त्यासाठी लागणारा वेळ आणि प्रत्येक कामाशी निगडित अभ्यासविषय असा तपशील दिल्यास पदवीची गरज आपोआप स्पष्ट होते.

वेतनाचा स्तरही याच्याशी सुसंगत असावा लागतो. श्रम विभाग वेतनाचे चार स्तर ठरवतो. काम अत्यंत गुंतागुंतीचे असल्याचा दावा करून सर्वात खालच्या, म्हणजे नवशिक्याच्या स्तराचे वेतन दाखवल्यास त्या विसंगतीवर अधिकारी बोट ठेवू शकतात.

पद पात्र ठरल्यानंतर उमेदवाराची पाळी येते. अमेरिकेतील पदवी साधारणतः चार वर्षांची, तर भारतातील पारंपरिक वाणिज्य पदवी तीन वर्षांची असते. हे अंतर भरून काढण्यासाठी नियमांत तरतूद आहे : वाढत्या जबाबदारीच्या विशेष कामाचा तीन वर्षांचा अनुभव एका शैक्षणिक वर्षाच्या बरोबरीचा मानता येतो. मात्र त्यासाठी पूर्वीच्या कंपन्यांची सविस्तर पत्रे आणि त्या क्षेत्रात तज्ज्ञ म्हणून मान्यता असल्याचा पुरावा लागतो. केवळ ‘अमुक काळ नोकरीत होते’ असा दाखला पुरेसा ठरत नाही.

या साऱ्याची किंमत मोठी आहे. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार अशी मर्यादा असल्याने आधी निवड व्हावी लागते. निवड म्हणजे मंजुरी नव्हे, तो केवळ अर्ज करण्याचा अधिकार असतो. त्यातच २१ सप्टेंबर २०२५ पासून बारा महिन्यांसाठी लागू झालेल्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. अशा स्थितीत मोघम कार्यवर्णनामुळे अर्ज फेटाळला गेला, तर हाती आलेली संधी आणि वर्ष, दोन्ही वाया जाऊ शकतात.

म्हणूनच नियुक्तिपत्र स्वीकारतानाच उमेदवाराने कंपनीकडून तीन गोष्टी जाणून घेणे हिताचे ठरते : पदासाठी नेमक्या कोणत्या विषयाची पदवी मागितली आहे, कामाचे वर्णन त्या विषयाशी कसे जोडले आहे आणि वेतन कोणत्या स्तराचे आहे. या तिन्ही उत्तरांत मेळ असेल, तरच अर्जाचा पाया भक्कम आहे असे म्हणता येते.