ब्राझीलला निघालात? आधी लस, मग बॅग

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातले एक ऊस बागायतदार मुलाला घेऊन कचेरीत आले. दोघे ब्राझीलची शेती पाहायला निघाले होते. "साहेब, तिकडे थंडी किती? कोट शिवू का?" एवढेच विचारायचे होते. मी उलट विचारले, "पीतज्वराची लस घेतलीत का?" बापलेक एकमेकांकडे बघू लागले. निघायला आठच दिवस उरले होते. शेवटी तारीख पुढे ढकलली आणि तिकिटाचा भुर्दंड बसला तो वेगळाच. वाचकहो, तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे लिहितो.

पीतज्वर म्हणजे आपली कावीळ नव्हे. हा डासांमुळे पसरणारा विषाणूचा रोग. आपल्या देशात तो नाही. पण डेंग्यू पसरवणारा जो डास आपल्या रांजणात वाढतो, तोच हाही रोग पसरवू शकतो. म्हणून आपले सरकार याबाबत फार कडक आहे. ब्राझीलहून परतताना लसीचा दाखला नसेल, तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो. तो २०१६ पासून जन्मभर चालतो. मात्र लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. तेव्हा महिनाभर आधी नाव नोंदवा. साठी उलटलेली माणसे, गरोदर बाई, अंडे न सोसणारी व्यक्ती असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दाखला पासपोर्टबरोबर हातपिशवीत ठेवा. व्हिसाही आधीच काढावा लागतो. ब्राझीलची वकिलात मुंबईत आहे.

आता थंडीचे. तिकडचे ऋतू आपल्या उलट. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा, जून-जुलैत हिवाळा. दक्षिणेकडच्या राज्यांत त्या दिवसांत दहिवरही गोठते. कोट नको, चांगला स्वेटर पुरे. घड्याळ साओ पावलोला साडेआठ तास मागे करायचे. देश आपल्या अडीचपट मोठा, तेव्हा चार दिवसांत सगळे पाहू म्हणू नका. साओ पावलोहून उसाच्या पिरासिकाबा भागात मोटारीने दोन-तीन तासांत पोचता येते. गीर गाईंसाठी प्रसिद्ध असलेले उबेराबा मात्र सुमारे पाचशे किलोमीटर. तिथे लांब पल्ल्याच्या बसने जाता येते. आपल्या काठेवाडची गीर आणि आंध्रातली ओंगोल (तिकडे तिला 'नेलोरी' म्हणतात) यांच्या वंशाची जनावरे तिथे पाहून ऊर भरून येतो. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला तिथे मोठे प्रदर्शन भरते.

गोठ्यात वापरलेली चप्पल-बूट मात्र नेऊ नका. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे. ब्राझीलला २०२५ साली त्यातून मुक्त देश म्हणून जागतिक मान्यता मिळाली. आपल्या बुटाच्या शेणाने त्यांचा घात व्हायला नको. नवे बूट घ्या, नाहीतर जुने घासून, जंतुनाशकाने धुऊन घ्या.

जेवणाची चिंता माळकरी मंडळींना असते. भात आणि घेवड्याची उसळ तिथे रोजच असते, पण उसळीत बरेचदा डुकराचे मांस असते. "सें कार्नी", म्हणजे मांसाशिवाय, एवढे पाठ करा. तरी कोंबडी किंवा मासा पुढे येऊ शकतो, कारण पुष्कळ लोक त्याला मांस धरतच नाहीत! त्यापेक्षा किलोवर जेवण देणारी खानावळ गाठा. ताटात आपल्या हाताने वाढून घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे. बाजारात उसाचा रसही मिळतो. भाषा पोर्तुगीज, इंग्रजी फारसे चालत नाही. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादो' म्हणायचे, बाईने 'ओब्रिगादा'. चलनाला रेआल म्हणतात. मोठ्या शहरात सोने घालून फिरू नका, आणि रस्त्यात मोबाईल हातात धरून उभे राहू नका.

एक शेवटचे. तिथला ऊस पाहून एखादे टिपरे पिशवीत टाकावेसे वाटेल. बियाणे, रोप, टिपरे, काहीही परवान्याशिवाय आणणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यातून येणारी कीड शेजाऱ्याच्याही रानात जाईल. वाणाचे नाव वहीत उतरवून आणा. मग आमच्या कचेरीत या, चहा पीत बोलू.