बियाणं बोगस की अळी पक्की?

लेखमाला : प्रयोगशाळेतली अवजारं
भाग ७ : पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल

कपाशीत डोमकळ्या दिसू लागल्या की सिरसाळा असो की परळी, कृषी सेवा केंद्रांसमोर एकच वाद रंगतो. बियाणं बोगस निघालं, की अळीच बीटीला दाद देईना? पोखरलेलं बोंड दोन्हीकडे सारखंच दिसतं. निवाडा करायचा तर एका प्रथिनाचा माग काढावा लागतो. बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं जनुक असतं आणि त्याच्या जोरावर झाड ‘क्राय१एसी’ हे प्रथिन स्वतःच तयार करतं. २००२ साली परवानगी मिळालेल्या जालन्याच्या महिकोच्या वाणांत हे एकच प्रथिन होतं. २००६ पासून आलेल्या वाणांत ‘क्राय२एबी’ची भर पडली.

मागच्या भागात आपण पान वाटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्रथिनांचा अर्क काढला. त्या थेंबात हजारो प्रथिनांची सरमिसळ असते. ती वेगळी करायची तर जेल हवं.

अ‍ॅक्रिलामाइडच्या द्रावणात थोडं बिस-अ‍ॅक्रिलामाइड घालतात. अमोनियम परसल्फेट आणि टेमेड मिसळलं, की ते दोन काचांमधल्या मिलीमीटरभर फटीत चटकन ओततात. अर्ध्या तासात त्याची जाळी बनून ते गोठतं. न गोठलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असतं, म्हणून हातमोजे हवेतच. अ‍ॅक्रिलामाइड जास्त घातलं तर जाळी दाट होते: मोठ्या प्रथिनांसाठी ८ टक्के, लहानांसाठी १५ टक्के.

प्रथिनांचे आकार आणि विद्युतभार नाना तऱ्हेचे. म्हणून अर्कात एसडीएस हा साबणाच्या जातीचा पदार्थ आणि मरकॅप्टोइथेनॉल घालून तो पाच मिनिटं तापवतात. प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि एक ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस चिकटतं. सगळ्यांवर वजनाच्या प्रमाणात ऋणभार चढतो, आणि मग फरक उरतो तो फक्त लांबीचा. आठवडी बाजाराच्या गर्दीतून पोरगं सटकतं आणि पोतं घेतलेला माणूस मागे राहतो, तसंच जाळीत घडतं.

जेलच्या वरच्या खाचांत निळसर नमुने सोडून १०० ते १५० व्होल्टचा दाब दिला जातो. वरचा पातळ थर नमुन्याला दाबून बारीक रेघेत आणतो, खालचा दाट थर त्याची वाटणी करतो. तास-दीड तासानं जेल कूमासी या निळ्या रंगात बुडवून धुतलं, की पट्टे उमटतात. शेजारच्या खाचेत माहीत वजनाची प्रथिनं असतात; त्यांच्याशी ताडून किलोडाल्टनमध्ये वजन काढायचं.

ही पद्धत आज ज्या रूपात वापरतात, ते रूप उलरिश लेम्ली यांनी १९७० साली केंब्रिजमध्ये दिलं. टी४ विषाणूचं डोकं घडताना त्याची प्रथिनं कापली जातात, हे त्यांनी जेलवर दाखवलं. बोंडअळीच्या पोटातही अशीच कापाकापी होते. क्राय१एसी मूळचं सुमारे १३० किलोडाल्टनचं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यातली विकरं त्याला छाटून सुमारे ६५ वर आणतात, आणि हा छाटलेला तुकडाच आतड्याला भोकं पाडतो. प्रयोगशाळेत जिवाणूंपासून मिळवलेल्या शुद्ध क्राय१एसीवर ट्रिप्सिन टाकून ठरावीक वेळांनी नमुने घेतले, तर १३०चा पट्टा फिका होत जातो आणि ६५चा ठळक होतो.

कपाशीच्या पानाचा अर्क मात्र जेलवर निराशा करतो. ५५ किलोडाल्टनजवळ एक जाड पट्टा दिसतो. तो रुबिस्कोचा, म्हणजे हवेतला कार्बन बांधणाऱ्या प्रथिनाचा. क्रायचं प्रमाण इतकं अल्प, की कूमासीला ते दिसतच नाही. तिथे प्रतिपिंडांची मदत घ्यावी लागते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर, पान चुरडून काही मिनिटांत क्राय आहे की नाही हे सांगणारी चाचणीपट्टी तयार केली. बियाणं बोगस असल्याचा संशय अशा पट्टीनं फेडता येतो.

पण पट्टीवर रेघ उमटूनही बोंडं पोखरलेलीच असली तर? २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं हेच दाखवलं. देशातल्या प्रतिकारक अळ्यांच्या आतड्यातला कॅडहेरिन हा क्राय१एसी जिथे चिकटतो तो रेणू बदललेला आढळला. शिवाय बोंड वाढेल तसं झाडातलं क्राय कमी होतं, आणि संकरित वाणाच्या बोंडातल्या काही सरक्यांत ते नसतंच. प्रथिन आहे आणि केवढं आहे, एवढंच जेल सांगतं. ते अळी मारतं का, हे कळायला अळीलाच खाऊ घालून पाहावं लागतं.

म्हणून क्राय नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे बियाण्याची तक्रार करा. असेल तर दुकान बदलून काही होणार नाही. फरदड मोडा आणि कामगंध सापळे लावा.

पुढच्या भागात : वेस्टर्न ब्लॉट, जेलवरच्या गर्दीतून एकच प्रथिन हुडकण्याची युक्ती.