पुस्तक उघडण्याआधी

सनद मिळाली तरी वकिली चालू ठेवायची, तर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. तीत टिपणे नसलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. प्रश्न १००, वेळ मर्यादित. एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे. भारतीय न्याय संहितेचीच कलमे ३५८, नागरिक सुरक्षा संहितेची ५३१. कुठे पाहायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची दोन मिनिटे पाने उलटण्यात संपतात. कोर्टात तर तेवढीही सवड नसते. सरतपासात समोरच्या वकिलाने सूचक प्रश्न विचारला, तर हरकत तिथल्या तिथे घ्यावी लागते; साक्षीदाराचे उत्तर नोंदले गेल्यावर कलम सापडून उपयोग काय?

म्हणून कायदा डोक्यात हवा, असे म्हटले की घोकंपट्टीचा आक्षेप येतो, आणि तो निम्मा खरा आहे. १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम १०३ झाले. पाठ केलेला आकडा एका दिवसात जुना झाला. आकड्यांची जागा पुस्तकातच आहे. पण खून आणि सदोष मनुष्यवध यांतली सीमारेषा, म्हणजे हेतू, जाणीव, अचानक उसळलेले भांडण यांचा विचार, नव्या संहितेतही जवळपास तशीच आली आहे. शिवाय घटना १ जुलैआधीची असेल तर जुनीच दंड संहिता लागते. घटना कधीची, हे पक्षकाराला आधी विचारायचे असते, आणि ते सुचायला कायदा डोक्यात असावा लागतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेले प्रयोग इथे मोलाचे वाटतात. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती बरीचशी पुन्हा मांडत. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या, की त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. त्यांची स्मरणशक्ती अफाट नव्हती. डावांचे आकृतिबंध मुरलेले होते. अनुभवी वकील पक्षकाराची हकीकत ऐकतो तीही अशीच.

मोबाइल आहे ना, असे आता कुणी म्हणेल. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर झाले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. साधन उत्तर देते. ते खरे आहे का, ही शंका माणसालाच यावी लागते. बार परीक्षेत पुस्तक जरूर राहावे. मात्र कलमाचा क्रमांक विचारणे थांबवून उमेदवारापुढे घटना ठेवावी, आणि कोणता कायदा, कोणता गुन्हा, हे त्याला ओळखायला लावावे.