ओला कचरा आणि उसाचे पाचट

घरोघरचे उरलेले अन्न, भाज्यांची देठे आणि फळांच्या साली वेगळ्या गोळा करून त्यांचे खत करण्याचा प्रश्न पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत शहरापेक्षा वेगळ्या रीतीने पाहावा लागतो, कारण खताला लागणारा उरलेला कच्चा माल येथे शेतातच पडलेला असतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा पाणी आणि नत्र यांनी भरलेला असल्यामुळे तो एकटाच रचला तर दबून त्यातली हवा संपते, हवेवाचून जगणारे जिवाणू वाढतात आणि ढिगाला दुर्गंधी सुटते. उलट ऊसतोडीनंतर फडात राहणारे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, कर्बाने समृद्ध पण नत्राने दरिद्री असते. ते सावकाश कुजते, म्हणूनच अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग हे कुजण्यास अनुकूल प्रमाण होय, आणि ते साधायचे तर या दोन टाकाऊ वस्तू एकत्र आणाव्या लागतात.

त्याआधी मात्र कचरा उंबरठ्याच्या आतच वेगळा झालेला असावा लागतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. ती पाळली गेली नाही की दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, गोळ्यांचे रिकामे पाकीट, फुटलेली काच हे सारे घंटागाडीवरच्या कामगाराला शिळ्या आमटीभातातून हाताने वेचावे लागते. ओझर आणि लेण्याद्री या अष्टविनायक क्षेत्रांसारख्या ठिकाणच्या निर्माल्यातही हारातली फुले कुजतात, पण नायलॉनचा दोरा आणि जर तशीच राहते. हातमोजे आणि पुरेशी मजुरी यांची तरतूद न करता खतप्रकल्पाचे उद्घाटन करणे हा या कामगारांवर उघड अन्याय आहे.

गावपातळीवर सोयीची ठरते ती यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा, हवेसाठी भिंतीत भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीत काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर आळीपाळीने रचले जातात आणि शेवटी टाकी शेणमातीने लिंपून तीन ते चार महिने ठेवली जाते. खरकटे घालताना पाचटाचे तुकडे करून त्याचा थर जाड ठेवावा लागतो, आणि मिश्रण मुठीत दाबल्यावर ओलसर लागावे पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा राखावा लागतो.

जुन्नर-आंबेगाव भागात या लिंपण्याला आणखी एक महत्त्व आहे. उघड्या उकिरड्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे उसाच्या फडात राहणारा बिबट्या वस्तीजवळ येतो. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या अन्नाच्या वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला होता. खरकटे वेळेवर उचलून झाकणे हा म्हणूनच येथे माणसांच्या आणि जनावरांच्या सुरक्षिततेचाही भाग ठरतो.

खत तयार झाले की ते काळपट आणि भुसभुशीत होते, त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो. चाळणीवर राहिलेली देठे व काड्या नव्या थरांत मिसळल्या जातात, कारण त्यांवरचे जिवाणू पुढच्या टाकीतले कुजणे लवकर सुरू करतात.