स्थौल्यशस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व

स्थौल्यनिवारणार्थ जठरावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे यश सामान्यतः घटलेल्या वजनावरून ठरविले जाते. परंतु वजनाबरोबर अस्थींतील खनिजेही घटू शकतात. ही हानी दीर्घकाळ लक्षणांवाचून चालू राहते, म्हणून तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

जठर-उपमार्ग शस्त्रक्रियेचा आरंभ आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चिकाओ इतो यांनी १९६६ मध्ये केला. तिच्या आजच्या प्रचलित प्रकारात जठराचा एक लहान कप्पा वेगळा करून तो थेट मध्यांत्राला जोडतात. अर्थात् आद्यांत्र व मध्यांत्राचा आरंभीचा भाग अन्नमार्गातून वगळला जातो. कॅल्शियमचे सक्रिय शोषण मुख्यतः याच भागात होते आणि ते ‘ड’ जीवनसत्त्वावर अवलंबून असते. हे जीवनसत्त्व मेदविद्राव्य असून अन्न व पित्त यांचा संयोग आता उशिरा होत असल्यामुळे त्याचेही शोषण मंदावते. शिवाय स्थूल व्यक्तींत त्याची उणीव शस्त्रक्रियेपूर्वीच पुष्कळदा आढळते.

शोषण घटले म्हणून रक्तातील कॅल्शियम लगेच उतरते असे नाही. परावटु ग्रंथींचा स्राव वाढतो व अस्थींतील कॅल्शियम रक्तात आणले जाते. रक्तपरीक्षेत कॅल्शियम प्राकृत दिसते, अस्थी मात्र क्षीण होत जातात. यास्तव केवळ कॅल्शियमच्या मापनावर विसंबणे युक्त नव्हे. परावटु-संप्रेरक व २५-हायड्रॉक्सी ‘ड’ जीवनसत्त्व यांचेही मापन आवश्यक ठरते.

पूरक क्षाराची निवडही महत्त्वाची आहे. कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्यास जठराम्ल लागते. लहान कप्प्यात ते अत्यल्प असते. सायट्रेटला अम्लाची तशी गरज नसल्याने ते अधिक उपयुक्त होय. तथापि कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के, तर सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्केच असते. म्हणजे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी जवळजवळ ५.७ ग्रॅम सायट्रेट हवे. क्षाराचे वजन हेच कॅल्शियमचे वजन मानल्यास मात्रा अपुरी पडते.

अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बॅरिॲट्रिक सर्जरी या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार जठर-उपमार्गानंतर प्रतिदिनी १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३००० आंतरराष्ट्रीय एकके ‘ड–३’ जीवनसत्त्व द्यावे. नंतरची मात्रा अशी ठेवावी की, रक्तातील २५-हायड्रॉक्सी ‘ड’ मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर राहील. एका वेळी सुमारे ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियमचे शोषण नीट होत नाही. म्हणून मात्रा विभागून घ्यावी लागते. लोह व कॅल्शियम परस्परांच्या आड येत असल्याने त्यांत निदान दोन तासांचे अंतर असावे.

शस्त्रक्रियेने बदललेला अन्नमार्ग आपोआप पूर्ववत होत नाही. सबब ही पूरके व नियतकालिक तपासणी आजन्म चालू ठेवावी लागतात. वजन स्थिरावले म्हणून ती थांबविल्यास त्याचा परिणाम पुढे अस्थिभंगाच्या रूपाने प्रकट होण्याचा संभव असतो.