समुद्राच्या लेकींची नावे

आपल्या घरांतून नद्या पुष्कळ नांदतात. आजीच्या पिढीत गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना होत्या. माळव्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांत नर्मदा आणि रेवा आल्या, उज्जैनच्या बाजूस क्षिप्रा आली, बेळगावकडे मलप्रभा. समुद्र मात्र आपल्या पाळण्यात क्वचितच उतरला. ऊर्मिलेत लाट आहे खरी. पण ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात लाट नसते, लक्ष्मणाची ती एकाकी पत्नी असते. सिंधू आहे, तर तिच्यात नदी किती आणि समुद्र किती हे संस्कृतासच ठाऊक, कारण त्या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. आपल्या व्याकरणात आणि आपल्या पुराणात समुद्र हा पुरुष, साऱ्या नद्यांचा पती. लेकीला त्याचे नाव ठेवण्याचे कुणाच्या मनात येणार? शिवाय समुद्र ओलांडणे हेच जेथे दीर्घकाळ पातक मानले गेले, तेथे त्याला घरात तरी कोण बोलावणार?

ज्यांच्या अंगणाच्या चारही बाजूंना समुद्रच आहे, अशा लोकांच्या बारशाकडे म्हणूनच कुतूहलाने पाहावेसे वाटते. पॅसिफिक महासागराच्या मध्यावरील हवाई बेटांचे लोक हे असे. मोठी बेटे आठ. कोणताही खंड तेथून साडेतीन हजार किलोमीटरांच्या आत नाही. 1959 पासून ही बेटे अमेरिकेचे पन्नासावे राज्य आहेत, परंतु तेथील मूळ भाषा इंग्रजीशी काडीचेही नाते सांगत नाही. ती न्यूझीलंडच्या माओरी, ताहितीच्या आणि सामोआच्या भाषांची बहीण. तिच्यात मोजकी व्यंजने आहेत आणि शब्दाचा प्रत्येक तुकडा स्वराने संपतो. त्यामुळे कोणतेही नाव घ्या, ते हाक मारण्यासाठीच घडवलेले वाटते.

या भाषेत समुद्राला म्हणतात 'काय'. हसू आले तर येऊ द्यावे. माओरी भाषेतला 'त' हवाईत 'क' होतो, म्हणून हाच शब्द माओरीत 'ताई' असा आहे. तेव्हा आपल्या घरच्या ताईंनीही थोडे हसून घ्यावे. काय म्हणजे किनाऱ्याला येऊन भिडणारे, रोजच्या व्यवहारातले खारे पाणी. गोडे पाणी निराळे, ते 'वाय'. आणि तोच शब्द दोनदा उच्चारला, 'वायवाय', की अर्थ होतो संपत्ती. खोल, मोकळा महासागर तो 'मोआना'. लाट ती 'नालू'. लाट फुटताना उडणारे तुषार म्हणजे 'एहूकाय'. वाट सांगतानादेखील तेथील माणूस उजवे-डावे फारसे सांगत नाही. 'माकाय' म्हणजे समुद्राच्या अंगाला आणि 'माउका' म्हणजे डोंगराच्या अंगाला, एवढे पुरते. ज्यांचे मूळ कोकणात आहे त्यांना खलाटी आणि वलाटी हे शब्द आठवतील.

याच शब्दांपासून नावे होतात. कायलानी हे त्यांतले आज सर्वांत लोकप्रिय. काय म्हणजे समुद्र आणि लानी म्हणजे आकाश किंवा स्वर्ग. लानी या शब्दाला राजकुलाचाही अर्थ आहे, आणि पूर्वी तो सामान्यांच्या नावात येत नसे, राजवंशीयांच्याच नावात शोभे. कायमालिए म्हणजे शांत समुद्र. मोआना हे नाव तर साऱ्या भगिनीभाषांत समजते. मोमी म्हणजे मोती, आपल्या मुक्तेची सख्खी मैत्रीण. कायनालू, समुद्राची लाट, हे अधिककरून मुलांचे. पण मुलीचे असले तरी कुणी भुवया उंचावत नाही. आपण मुलींची नावे म्हणून ही यादी करतो खरी, पण त्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे आणि बहुतेक जुनी नावे मुलगा-मुलगी असा भेद करीत नाहीत. समुद्र तेथे पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, म्हणूनच तो कुणाच्याही पाळण्यात सहज उतरतो. मला स्वतःला आवडतो तो नालू हा शब्द. लाट हा त्याचा एक अर्थ. मनात घोळवणे, चिंतन करणे हा दुसरा. मराठीतही विचारांच्या लाटा येतात, पण आपण 'लाटणे' या क्रियापदाला जे काम दिले आहे ते अगदीच निराळे!

परंतु सुंदर शब्द शोधून तो मुलीला चिकटवणे ही जुन्या हवाईची रीत नव्हे. नाव सुचावे लागे. गर्भारपणी आईला किंवा घरातील वडीलधाऱ्यांना स्वप्नात नाव मिळाले तर ते 'इनोआ पो', म्हणजे रात्रीचे नाव. ते नाकारले तर मुलाला अपाय होईल अशी श्रद्धा होती. कधी आकाशातील किंवा समुद्रावरील एखादे चिन्ह पाहून नाव ठरे, कधी पूर्वजांचे नाव पुढे चालवीत, कधी एखादा प्रसंग नावात बांधून ठेवीत. या चालीरीतींची नोंद मेरी कावेना पुकुई या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह 1972 साली प्रसिद्ध केली. तीत आणखी एक प्रकार आहे, जो वाचून आपल्याकडील आजी-पणजी हटकून मान डोलावतील: मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम ठेवलेले ओंगळ नाव. आपल्याकडील धोंडू, दगडू आणि केरोबा यांची जात हीच.

प्रसंगावरून नाव याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हवाईची शेवटची राणी लिलिउओकालानी. ती 1838 मध्ये जन्मली तेव्हा नाव देणाऱ्या राजघराण्यातील स्त्रीचे डोळे आले होते. म्हणून बाळाच्या नावात चुरचुरणे, पाणी गळणे, आग होणे आणि दुखरा डोळा असे चार शब्द आले. 1893 मध्ये तिचे राज्य उलथवले गेले, 1895 मध्ये ती आपल्याच राजवाड्यात कैदेत पडली, आणि त्या काळात तिने 'कुमुलिपो' या प्राचीन वंशगानाचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. ते 1897 मध्ये छापले गेले. दोन हजारांवर ओळींच्या या गानात सृष्टीचा आरंभ काळोखात होतो, आणि पहिला जन्मणारा जीव असतो समुद्रतळीचा पोवळ्याचा किडा. त्यानंतर एकेका समुद्री जीवाला जमिनीवरचा जोडीदार मिळत जातो आणि शेवटी वंशावळ राजघराण्यापर्यंत येते. समुद्राचे नाव घेणे म्हणजे तेथे निसर्गाचे कौतुक नव्हे. मूळपुरुषाचे नाव घेण्यासारखे आहे.

या नावांवर पहिला घाला पडला तो मात्र परक्या राजवटीत नव्हे, हवाईचा राजा गादीवर असतानाच. 1820 मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक आले, त्यांनी भाषेला लिपी दिली, शाळा काढल्या. आणि 1860 मध्ये चौथ्या कामेहामेहा राजाने नावांचा कायदा केला. तोवर हवाईत आडनाव ही वस्तू नव्हती. कायद्याने ठरवले की विवाहितेने पतीचे नाव लावावे, मुलांनी पित्याचे नाव आडनाव म्हणून घ्यावे, आणि शिवाय प्रत्येकास त्याच्या लिंगास साजेसे ख्रिस्ती नाव असावे. हा कायदा 1967 पर्यंत टिकला. मग स्वप्नातून आलेली, पूर्वजांकडून आलेली नावे गेली कुठे? ती मधल्या जागी जाऊन बसली. पुढे मेरी किंवा एलिझाबेथ, मागे पित्याचे नाव, आणि मध्ये समुद्र. शाळेत पहिले नाव, कागदावर शेवटचे. मधले नाव घरात आजी हाक मारील तेवढेच. 1896 मध्ये शाळांचे माध्यम सक्तीने इंग्रजी झाले, वर्गात हवाईची भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या, आणि हाक मारणारी आजीही हळूहळू गप्प झाली. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. तेव्हा यापुढे काय होते ते विस्ताराने सांगायला नको.

मधल्या जागी राहिलेल्या अशा एका नावाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर माकाहा म्हणून गाव आहे. तेथे 1950 मध्ये एक मुलगी जन्मली: रेला कापोलिओकाएहूकाय सन. पहिले नाव इंग्रजी वळणाचे, आडनाव पित्याचे, कायद्याला हवे तसे. मधले लांबलचक नाव पायरीपायरीने उतरावे लागते: का पोली, म्हणजे हृदय किंवा कुशी, ओ का एहूकाय, समुद्राच्या तुषारांची. समुद्राचे हृदय, असे त्याचे भाषांतर करतात. ही मुलगी फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळात, ज्याला सर्फिंग म्हणतात त्यात, जगप्रसिद्ध झाली. बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या किनारारक्षकांत हवाईमध्ये नेमणूक मिळवणारी ती पहिली स्त्री. 1976 पासून तिने माकाहाला मुलांच्या सर्फिंग स्पर्धा भरवल्या. 1983 मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्यानंतरही ती लाटांवर जात राहिली आणि इतर स्त्रियांना या रोगाविषयी सावध करीत राहिली. 1998 च्या जानेवारीत ती गेली, आणि तिची रक्षा माकाहाच्याच समुद्राला दिली गेली. जग तिला रेल सन म्हणून ओळखत असे. पण 2002 मध्ये तिच्यावर जो माहितीपट निघाला, त्याच्या शीर्षकासाठी तिचे मधले नावच उपयोगी पडले.

आता थोडे सावधगिरीचे. हवाईच्या नावांच्या ज्या याद्या अर्थांसह जगभर फिरतात, त्यांत समुद्र नको तेथेही ओतलेला असतो. राजकन्या काइउलानीचे उदाहरण घ्या. 1875 मध्ये जन्मलेली ही मुलगी राज्य उलथले तेव्हा सतरा वर्षांची होती. इंग्लंडमधील शिक्षण सोडून ती 1893 मध्ये अमेरिकेला गेली, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना भेटली. पण 1898 मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झालीच आणि पुढच्या वर्षी, तेविसाव्या वर्षी, ती वारली. 'काय' ऐकून तिच्या नावात समुद्र शोधणारे पुष्कळ आहेत. नाव फोडायचे ते काय-उलानी असे नव्हे, का-इउ-लानी असे. 'का' हे तर नुसते उपपद. 'इउ' म्हणजे उंच आणि पवित्र. तेव्हा नावाचा अर्थ स्वर्गातील उच्च पवित्र स्थान असा काहीसा होतो, आणि समुद्राचा त्यात थेंबही नाही. 'का' आणि 'इउ' यांच्यामध्ये घसा क्षणभर अडतो. त्या अडण्याला हवाईच्या लिपीत स्वतंत्र अक्षर आहे, पण परदेशी छापखाने ते गाळतात. ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हेही गाळतात. दिन आणि दीन यांतील फरक ज्यांना लहानपणी छडी खाऊन कळला, त्यांना ही तक्रार पटेल.

मालिया हे नाव असेच. शांत पाणी, असा अर्थ त्यापुढे छापतात, कारण 'मालिए' म्हणजे शांत. वस्तुतः मालिया म्हणजे मारिया. त्या भाषेत 'र' नाही, म्हणून 'ल' आला. होनोलुलू येथे जन्मलेले राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या थोरल्या मुलीचे नाव हेच. मोआनिकेआला या नावात मोआना ऐकू येते, पण 'मोआनी' म्हणजे सुगंध वाहून आणणारी वाऱ्याची झुळूक. आणि गंमत म्हणजे प्रत्यक्ष समुद्रदेवता, ज्वालामुखीची देवी पेले हिची थोरली बहीण नामाकाओकाहाइ, तिच्याही नावात समुद्र नाही; 'काहाइचे डोळे' असा त्याचा अर्थ आहे.

परदेशी राहणाऱ्या एखाद्या आपल्या घरात कायलानी हे नाव मनात भरलेच, तर यादीवर विसंबू नये; ती भाषा जाणणाऱ्यास विचारावे. अर्थाचाच प्रश्न नाही. जुन्या हवाईच्या समजुतीप्रमाणे नाव ही मालमत्ता आहे, तिच्यात शक्ती आहे, आणि दुसऱ्या घराण्याचे नाव न विचारता उचलणे हे दोघांनाही हितावह नसते. कायलानीसारखी साधी नावे सर्वांची झाली आहेत. पण रेल सनच्या मधल्या नावासारखे लांब नाव कुणासाठी तरी एकदाच घडलेले असते. ते उचलू नये असे मला वाटते.

भाषा मात्र गप्प राहिली नाही. 1976 मध्ये होकुलेआ ही दुहेरी होडी कोणत्याही यंत्राविना, तारे आणि लाटा पाहत ताहितीला पोचली आणि समुद्र हा आपल्या पूर्वजांचा रस्ता होता हे तरुणांना नव्याने दिसले. 1978 मध्ये राज्यघटनेत हवाईच्या भाषेला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचा मान मिळाला. 1984 मध्ये काउआई बेटावर पहिली हवाई-माध्यमाची बालशाळा उघडली. नावांचा कायदा तर 1967 मध्येच गेला होता. तेव्हापासून मधल्या जागेतील नावे पुन्हा पुढे येऊ लागली.

2016 मध्ये 'मोआना' हा बोलपट निघाला आणि हे नाव जगभरच्या मुलींना पाठ झाले. 2018 मध्ये तोच बोलपट हवाईच्या भाषेत तयार होऊन तेथील शाळांना दिला गेला. दोन्ही वेळा नायिकेचा आवाज एकाच मुलीचा होता, हवाईतच जन्मलेल्या आउलिइ क्रावालो हिचा. तिच्या नावातही समुद्र नाही. आउलिइ म्हणजे नाजूक, सुबक.